ठसा सापडला, पण कोणाचा? सीरियल किलर पूर्वी हाती का लागत नसत

मुंबईत रमण राघवची गोष्ट निघाली की ऐकणारा हमखास एक प्रश्न विचारतो: इतकी माणसे एकाच पद्धतीने मारली जात असताना हा माणूस पोलिसांना सापडला कसा नाही? प्रश्न रास्त आहे, पण त्याचे उत्तर अधिक अस्वस्थ करणारे आहे, कारण तो सापडला होता. १९६५-६६ मध्ये पूर्व उपनगरांत रेल्वेमार्गालगतच्या वस्त्यांमध्ये झोपलेल्या गरिबांवर हल्ले झाले, तेव्हा पोलिसांनी संशयावरून त्याला ताब्यात घेतले होते. जबरी चोरीची शिक्षा तो आधीच भोगून आलेला होता. मात्र त्याला हल्ला करताना पाहिलेले कोणी नव्हते आणि त्याला त्या मृतदेहांशी जोडणारा पुरावाही नव्हता, त्यामुळे त्याला सोडून द्यावे लागले. १९६८ मध्ये उपनगरांतील झोपड्यांमध्ये पुन्हा तसेच खून सुरू झाले. अखेर २७ ऑगस्ट १९६८ रोजी उपनिरीक्षक अ‍ॅलेक्स फियाल्हो यांनी त्याला ओळखून पकडले.

म्हणजे अडचण माणूस सापडण्याची नव्हती, हाती आलेला माणूस हाच खुनी आहे हे ठरवण्याची होती. आधुनिक प्रयोगशाळा येण्यापूर्वीच्या बहुतेक मालिका-खुनांची हीच कथा आहे.

सीरियल किलर कोणाला म्हणायचे

एकाच व्यक्तीने वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या घटनांत खून केले आणि दोन खुनांच्या मध्ये ती आपल्या नेहमीच्या आयुष्यात परतली, तर तिला सीरियल किलर म्हणतात. किती खून झाले म्हणजे हे नाव लावायचे याबद्दल एकमत नाही. अमेरिकेच्या १९९८ च्या एका कायद्यात हा आकडा तीन होता, तर एफबीआयने नंतर दोन पुरेसे मानले. आपल्या विषयासाठी आकड्यापेक्षा तो मधला काळ महत्त्वाचा आहे. बाजारात अंदाधुंद गोळीबार करणारा माणूस तिथेच पकडला जातो किंवा मारला जातो. मालिका-खुनी मात्र खून करून कामावर जातो, बाजारहाट करतो, शेजाऱ्यांशी बोलतो, आणि पोलिसांना पुढचा खून होईपर्यंत थांबावे लागते.

पोलीस एरवी खुनी शोधतात ते कसे

बहुतेक खून ओळखीच्या माणसाकडून होतात. जमिनीचा वाद, उसने दिलेले पैसे, संशय, दारूच्या नशेतली भांडणे, अनैतिक संबंधांवरून धुमसणारा राग, अशी कारणे असतात. म्हणून पंचनामा उरकला की तपास अधिकारी मृताला शेवटचे कोणी पाहिले, त्याचे कोणाशी वैर होते आणि त्याच्या मरणाने कोणाचा फायदा झाला, हे विचारू लागतो. या प्रश्नांतून चार-पाच नावे निघतात, त्यांतली दोन-तीन गळतात आणि उरलेल्याची चौकशी होते. सूक्ष्मदर्शक नसतानाही या पद्धतीने असंख्य खून उघडकीस आले, कारण गावातला पोलीस पाटील आणि शहरातला खबरी हेच त्या काळचे माहितीचे भांडार होते.

या सगळ्या पद्धतीचा आधार ओळख हा आहे. मारणारा आणि मरणारा यांच्यात कसलेही नाते नसेल, तर पहिल्याच प्रश्नाला तपास अडखळतो. फुटपाथवर झोपलेल्या मजुराचे कोणाशीही वैर नव्हते आणि त्याच्या मरणाने कोणाचाही फायदा झाला नाही, ही खरी उत्तरे असतात, पण त्यांतून एकही नाव निघत नाही. मुंबईत १९६८ मध्ये तपासाची धुरा सांभाळणाऱ्या रमाकांत कुलकर्णी यांच्यापुढे नेमकी हीच अडचण होती. मृतांचा एकमेकांशी संबंध नव्हता, खुन्याशीही नव्हता. मालिका-खुनी फार बुद्धिमान असतात, हा समज मला अतिशयोक्त वाटतो. त्यांतले अनेक जण सामान्य बुद्धीचे, बेफिकीर आणि चुका करणारे होते. अनोळखी माणसाला मारणे हेच त्यांचे सर्वांत मोठे संरक्षण होते.

पुरावा होता, पण तुलना कशाशी करायची?

गुन्ह्याच्या तपासाला मदत करणाऱ्या शास्त्रांना एकत्रितपणे न्यायसहायक विज्ञान म्हणतात. रक्त, बोटांचे ठसे, केस, विष, बंदुकीची गोळी अशा वस्तूंवरून एखादी व्यक्ती घटनास्थळाशी जोडता येते का, हे ते पाहते. पूर्वी असे अवशेष सापडत नसत असे मुळीच नाही, पण नुसत्या अवशेषाचा उपयोग नसतो. काट्याला अडकून राहिलेली चिंधी कोणत्या सदऱ्याची, हे तो सदरा शेजारी ठेवल्याशिवाय सांगता येत नाही, तसेच हे आहे. सदरा कोणाच्या अंगावर आहे याचा अंदाज असेल तरच चिंधी कामाची. ओळखीतल्या खुनात असा अंदाज असतो, मालिका-खुनात तो नसतो.

रक्ताचेच पाहू. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यापर्यंत कपड्यावरचा वाळलेला डाग माणसाच्या रक्ताचा आहे की बकऱ्याच्या, हे खात्रीने सांगता येत नव्हते. जर्मनीत १८९८ मध्ये लेख्टिंगेन या गावी दोन मुलींची हत्या झाली आणि लुडविग टेसनोव नावाच्या सुतारावर संशय आला. कपड्यांवरचे डाग लाकडाच्या रंगाचे आहेत, असे त्याने सांगितले आणि तो सुटला, कारण त्याचे म्हणणे खोडून काढण्याचे साधन कोणाकडेच नव्हते. १९०१ मध्ये र्‍यूगेन बेटावर दोन मुलगे तशाच क्रूरपणे मारले गेले आणि तिथेही टेसनोव होता. मात्र त्याच वर्षी पाउल उलेनहूट या शास्त्रज्ञाने माणसाचे रक्त प्राण्यांच्या रक्तापासून वेगळे ओळखण्याची चाचणी शोधून काढली होती. टेसनोवच्या कपड्यांवर माणसाचे रक्त निघाले आणि मेंढीचेही निघाले. बेटावर त्याआधी मेंढ्याही कापून टाकलेल्या सापडल्या होत्या. तीच चाचणी तीन वर्षे आधी असती, तर ती दोन मुले वाचली असती.

त्यानंतर रक्तगट आले. रक्तगटाने माणूस ओळखता येत नाही, वगळता मात्र येतो. डाग ‘बी’ गटाचा असेल तर ‘ओ’ गटाचा संशयित सुटतो, पण ‘बी’ गटाची लाखो माणसे संशयितांच्या यादीत तशीच राहतात. अर्धवट उत्तर कधीकधी उत्तर नसण्यापेक्षा घातक ठरते. त्याचे उदाहरण पुढे येईलच.

बोटांच्या ठशांची कथा आपल्या अधिक जवळची आहे. १८५८ मध्ये बंगालमधील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने करारनाम्यावर हाताचा ठसा घेतला. पुढे १८९७ मध्ये कलकत्त्याला ठशांचे कार्यालय सुरू झाले. ‘हेन्री पद्धत’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वर्गीकरणामागे अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीय उपनिरीक्षकांचे डोके होते. दहाही बोटांच्या रेषांवरून प्रत्येक माणसाचा कागद १,०२४ गटांपैकी एका गटात पडत असे. त्यामुळे नाव बदलून आलेला जुना गुन्हेगार पटकन ओळखता येई. पकडलेला माणूस रमण राघव ऊर्फ सिंधी दलवाई हाच आहे, याची खात्रीही बोटांच्या ठशांवरूनच झाली.

या पद्धतीतली उणीव तिच्या रचनेतच होती. कागद शोधायला दहा बोटे लागत आणि खुनाच्या जागी बहुधा एखाद्याच बोटाचा, तोही पुसट ठसा मिळे. एका बोटावरून लाखो कागदांच्या कपाटात शिरायला वाटच नव्हती. आधी संशयित हवा, मग त्याचा ठसा जुळवून पाहायचा, असा उलटा क्रम होता. १९८५ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये रिचर्ड रामिरेझ हा घरांत घुसून खून करत होता. त्याने वापरलेल्या चोरीच्या मोटारीत एक ठसा मिळाला आणि कॅलिफोर्नियाच्या नव्या संगणकाने काही मिनिटांत त्याचे नाव दिले. त्याची बोटे पूर्वीच्या किरकोळ गुन्ह्यांमुळे नोंदीत होतीच. हाताने शोधायचे असते तर तो कागद कपाटातच पडून राहिला असता.

आता डीएनए. पेशींमधील या रेणूत प्रत्येक माणसाची, एकरूप जुळी भावंडे वगळता, वेगळी रचना असते आणि ती रक्त, लाळ, वीर्य किंवा केसाच्या मुळातून वाचता येते. ती ओळखीसाठी वापरण्याची युक्ती लेस्टर विद्यापीठातील अ‍ॅलेक जेफ्रीझ यांना सप्टेंबर १९८४ मध्ये सुचली. तिथून जवळच १९८३ आणि १९८६ मध्ये दोन शाळकरी मुलींचे खून झाले होते आणि दुसऱ्या खुनाची एका सतरा वर्षांच्या मुलाने कबुलीही दिली होती. डीएनए चाचणीने दोन्ही खून एकाच माणसाने केले आणि तो माणूस हा मुलगा नव्हे, असे दाखवले. मग परिसरातील सुमारे पाच हजार पुरुषांचे नमुने तपासले गेले, तरीही खुनी निघाला नाही, कारण कॉलिन पिचफोर्कने आपल्या जागी सहकाऱ्याला रक्त द्यायला पाठवले होते. त्या सहकाऱ्याने मद्यालयात ही गोष्ट बोलून दाखवली, ती कोणीतरी पोलिसांना सांगितली आणि १९८७ मध्ये पिचफोर्क सापडला. जगातला डीएनए तपासाचा पहिला मोठा विजय शेवटी ऐकीव गोष्टीमुळे पूर्ण झाला, हे सहसा सांगितले जात नाही.

हे खून एकाच माणसाचे आहेत, हे कोण ओळखणार?

एका खुनातून फारसे काही मिळत नसेल, तर दहा खुनांतून बरेच मिळायला हवे. खुनी कोणत्या वेळी येतो, कोणत्या भागात फिरतो, कोणते हत्यार वापरतो, हे एकत्र मांडता येते. अट एकच, की ते दहा खून एकाच टेबलावर आले पाहिजेत. पूर्वी ते येत नसत.

लंडनच्या व्हाइटचॅपल भागात १८८८ च्या शरद ऋतूत पाच स्त्रियांचे खून झाले आणि खुन्याला ‘जॅक द रिपर’ हे नाव पडले. ३० सप्टेंबरच्या रात्री तासाभरात झालेल्या दोन खुनांपैकी एक महानगर पोलिसांच्या हद्दीत होता, तर दुसरा सिटी पोलिसांच्या. त्या रात्री भिंतीवर खडूने लिहिलेला एक मजकूर सापडला. दंगल उसळेल या भीतीने महानगर पोलीस आयुक्तांनी त्याचे छायाचित्र निघण्याआधीच तो पुसायला लावला, सिटी पोलिसांना तो हवा असतानाही. तपासात दोन हजारांवर लोकांची चौकशी झाली आणि सुमारे ऐंशी जणांना ताब्यात घेतले गेले. त्यांत खुनी होता की नव्हता, हे आजही सांगता येत नाही.

कॅलिफोर्नियात तर एकाच गुन्हेगाराला भागाभागांत वेगळी नावे होती. राज्याच्या उत्तरेत तो बलात्कारी म्हणून, तर दक्षिणेत खुनी म्हणून ओळखला जाई. ही दोन माणसे नसून एकच आहे, हे २००१ मध्ये डीएनएने निर्विवादपणे सिद्ध केले, म्हणजे त्याचा शेवटचा ज्ञात खून झाल्यावर पंधरा वर्षांनी. नाव कळायला मात्र २०१८ उजाडले. दूरच्या नातेवाइकांनी वंशावळीच्या संकेतस्थळावर ठेवलेल्या डीएनएवरून माग काढत पोलीस जोसेफ डीअँजेलोपर्यंत पोचले. तो पूर्वी स्वतः पोलिसात होता.

आपल्याकडे प्रवाशांना गाठून गळा आवळणाऱ्या ठगांच्या बाबतीतही अंतर हीच ढाल होती. प्रवासी घरापासून शेकडो कोस दूर मरे, प्रेत पुरले जाई आणि तो परतला नाही हे घरच्यांना महिन्यांनी कळे, तेही दुसऱ्याच राज्यात. ठगीचा पसारा किती मोठा होता यावर इतिहासकारांत वाद आहे. तपासाची पद्धत मात्र स्पष्ट आहे. विल्यम स्लीमन या ब्रिटिश अधिकाऱ्याने माफीचे साक्षीदार फोडले, त्यांच्या जबान्या एकमेकांशी पडताळल्या, वंशावळ्या आणि नकाशे तयार केले, आणि १८३६ च्या कायद्याने हद्दीची अडचण दूर करून घेतली. त्यासाठी न्यायाच्या दृष्टीने फार महाग किंमत मोजली गेली, कारण नुसते टोळीचा सदस्य असणेही जन्मठेपेला पुरेसे ठरले.

माहिती कमी होती म्हणून, की जास्त होती म्हणून?

पुरेशी माहिती नसल्याने खुनी सुटत असत, असे आपण गृहीत धरतो. इंग्लंडमधील यॉर्कशर रिपरच्या तपासाने हे गृहीतक मोडीत काढले. १९७५ ते १९८० या काळात पीटर सटक्लिफ या ट्रकचालकाने तेरा स्त्रियांचा खून केला. पोलिसांनी त्याची नऊ वेळा चौकशी केली. त्याची मोटार संशयित भागात वारंवार दिसल्याची नोंद होती. एका मृत स्त्रीकडे सापडलेली पाच पौंडांची नवी नोट ज्या कंपन्यांच्या पगारात गेली असावी, त्यांपैकी एकीत तो नोकरीला होता. हल्ल्यातून वाचलेल्या स्त्रियांनी केलेल्या वर्णनाशी त्याचा चेहरा मिळताजुळता होता. ही सारी माहिती पोलीस ठाण्यात होती, पण हाताने लिहिलेल्या वेगवेगळ्या कार्डांवर होती. कार्डे इतकी साठली की त्यांच्या वजनासाठी खोलीच्या जमिनीला आधार द्यावा लागला. नव्याने चौकशीला गेलेल्या शिपायाला त्याच माणसाचे आधीचे कार्ड वेळेत मिळत नसे, त्यामुळे प्रत्येक चौकशी पहिलीच असल्यासारखी होई.

त्यात भर पडली एका खोडसाळाची. १९७८ आणि १९७९ मध्ये पोलिसांना स्वतःला खुनी म्हणवणाऱ्या माणसाची पत्रे आणि ध्वनिफीत आली. बोली उत्तरेच्या संडरलंड भागातली होती. पाकिटाच्या डिंकावरील लाळेवरून लेखकाचा रक्तगट ‘बी’ निघाला, जो इंग्लंडमध्ये कमी आढळतो. दुसऱ्या एका शहरातील १९७५ च्या खुनातही तोच गट मिळाला होता, त्यामुळे पोलिसांचा विश्वास आणखी बळावला. मग ज्याची बोली संडरलंडची नाही तो संशयितांतून गळू लागला, आणि सटक्लिफ ब्रॅडफर्डच्या बाजूचा होता. तो खूनही त्याचा नव्हता, ध्वनिफीतही त्याची नव्हती. अर्धवट उत्तर घातक ठरते ते असे. जपून ठेवलेल्या पाकिटाच्या तुकड्यावरून त्या खोडसाळाला २००५ मध्ये डीएनएने गाठले. सटक्लिफ मात्र जानेवारी १९८१ मध्ये शेफील्डला पकडला गेला तो मोटारीवर खोटी नंबरप्लेट होती म्हणून. त्यानंतर ब्रिटिश पोलिसांनी मोठ्या तपासांसाठी संगणकप्रणाली उभारली.

पण आरोपीची कबुली असायचीच की?

असायची, आणि ती अनेकदा उपद्रवी ठरायची. अमेरिकेत १९८३ मध्ये पकडलेल्या हेन्री ली ल्यूकसने शेकडो खून कबूल केले. निरनिराळ्या राज्यांचे पोलीस येऊन आपापली प्रलंबित प्रकरणे त्याच्या नावावर बंद करून गेले. पुढे त्यांतली बहुतेक कबुली खोटी असल्याचे दिसले. प्रत्येक खोट्या कबुलीबरोबर खऱ्या खुन्याचा शोध थांबला होता. पोलिसांसमोर दिलेली कबुली न्यायालयात पुरावा मानायची नाही, हा आपल्याकडचा १८७२ पासूनचा नियम त्यामुळेच शहाणपणाचा वाटतो.

गरिबांचे खून होते, म्हणून दुर्लक्ष झाले असेल का?

ही शंका पूर्ण खरी आहे, आणि ती विज्ञानाच्या अभावाआड लपवता येत नाही. व्हाइटचॅपलच्या वेश्या, मुंबईचे झोपडपट्टीवासी, अमेरिकेतल्या महामार्गांवरच्या मुली, अशी माणसे नाहीशी झाली तर त्यांची तक्रार उशिरा होते किंवा होतच नाही. गोव्यात शिरोड्याच्या महानंद नाईकला पोलिसांनी २००९ मध्ये पकडले, तेव्हा डीएनए चाचणी सर्वत्र उपलब्ध होती. त्याच्यावर १९९४ पासूनच्या १६ खुनांचे आरोप ठेवले गेले. काही खटल्यांत तो दोषी ठरला, अनेकांत पुराव्याअभावी सुटला. लग्नाचे आमिष दाखवलेल्या त्या तरुणी दागिने घालून घरातून निघत आणि कुटुंबाला वाटे की मुलगी लग्न करून गेली. एका ठाण्यात बेपत्ता मुलगी आणि दुसऱ्या ठाण्यात बेवारस मृतदेह अशा दोन नोंदी स्वतंत्र पडून राहिल्या, तर प्रयोगशाळेकडे पाठवायला काही उरतच नाही.

याहून टोकाचे उदाहरण इंग्लंडमधील डॉ. हॅरॉल्ड शिपमन याचे. त्याने आपल्या रुग्णांना मॉर्फिनवर्गीय औषध टोचून मारले आणि मृत्यूचे दाखले स्वतःच लिहिले. नंतरच्या चौकशी आयोगाने बळींची संख्या २१५ ठरवली. तो १९९८ मध्ये पकडला गेला, म्हणजे विषाची तपासणी अत्यंत प्रगत झालेल्या काळात. अनेक वर्षे खून झाला असा संशयच कोणी पुढे आणला नाही, त्यामुळे तपासणीची वेळ येत नव्हती.

मग आता काय बदलले आहे?

आता एका बोटाचा ठसा किंवा लाळेचा थेंब घेऊन संशयिताशिवायही शोध सुरू करता येतो, हा मूलभूत फरक आहे. भारतात २०२२ मध्ये बोटांच्या ठशांची राष्ट्रीय संगणकप्रणाली सुरू झाली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणे बंधनकारक केले आहे, मात्र त्याच्या अंमलबजावणीसाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंतची मुदत आहे. गुन्हेगारांच्या डीएनएचा राष्ट्रीय साठा करण्याचे विधेयक २०२३ मध्ये मागे घेण्यात आले. अशा साठ्यातून निरपराध माणसाचे खासगीपण कसे जपायचे, हा त्यावरचा आक्षेप मला वजनदार वाटतो. त्यामुळे आजही आपल्याकडे डीएनए बहुधा संशयित सापडल्यावरच उपयोगी पडतो, म्हणजे १९६८ मध्ये ठसा जिथे होता तिथेच.

त्यातही जुने नमुने जपलेले असावे लागतात. अमेरिकेच्या सिअ‍ॅटल परिसरात गॅरी रिजवे याच्यावर १९८० च्या दशकातच संशय होता. १९८७ मध्ये पोलिसांनी त्याच्या लाळेचा नमुना घेतला, पण तेव्हाच्या चाचणीला पुढे जाता आले नाही. तो नमुना आणि मृत स्त्रियांवरील अवशेष चौदा वर्षे नीट सांभाळले गेले, म्हणून २००१ मध्ये नव्या चाचणीने ते जुळले आणि पुढे त्याने ४८ खून कबूल केले. कोंदट मालखान्यात दोऱ्याने बांधून ठेवलेले, पावसाळ्यात बुरशी धरलेले कापड अशा तुलनेला उपयोगाचे राहत नाही.